'ओटावा' असं लिहिलेलं जुनं ओंडके कापायचं इंजिन मिळालंय, जाम आहे. ओळखायचं आणि चालू करायचं कसं?

हे ओटावा म्हणजे कॅनडाची राजधानी नव्हे, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं गाव. एका सिलेंडरचं इंजिन आणि पुढेमागे सरकणारं लांब करवतीचं पातं ही या यंत्राची खूण. बिल्ल्यावरचा क्रमांक टिपून ठेवा. भागांवर ओतीव उठावात दिसणारे आकडे साच्याचे असतात, त्यांवरून वर्ष ठरवू नका.

आधी प्लग काढून सिलेंडरमध्ये गिअर ऑइल आणि रॉकेल निम्मं-निम्मं ओता, आठवडाभर मुरू द्या. मग कनेक्टिंग रॉड सोडवून पिस्टनला सागवानी ठोकळा लावून हलके ठोके द्या. फ्लायव्हीलला (बाजूच्या जड चाकाला) पहार लावून जोर मात्र काढू नका, चाकाचा बिडाचा आरा तुटला की परत मिळणं कठीण.

ठिणगी पाडणारा विको ईके बनावटीचा मॅग्नेटो असेल तर त्यातले पॉइंट (उघडझाप करणारे संपर्क) पॉलिश पेपरने घासून ०.०१५ इंच गॅप ठेवा. ठिणगी आहे पण पेट्रोल ओढत नाही? इनटेक व्हॉल्व्ह बघा. तो फक्त पिस्टनच्या ओढीने उघडतो, दांडा चिकट झाला की अडकतो. पाण्याच्या टाकीचा तळही तपासा, साचलेलं पाणी गोठून तिथेच तडा जातो.

पातं शेवटी जोडा, तोपर्यंत क्लच सुटलेलाच ठेवा.