कॅम्पर व्हॅनच्या टॉयलेटच्या टाकीचा वास जात नाही, काय करू?

भावा पहिलं सांग, टाकीचा घाण बाहेर सोडायचा व्हॉल्व सारखा उघडाच ठेवतोस का? बहुतेक जण तिथंच फसतात, मी पण फसलो होतो. व्हॉल्व उघडा असला की पाणी निघून जातं आणि घट्ट माल खाली बसून वाळतो, मग त्याचा ढीग होतो आणि वर कितीबी फिनेल ओता, वास काय हटत नाही. म्हणून व्हॉल्व बंद ठेवायचा, टाकी निम्म्याच्या वर भरली की एकदम सोडायची. आधी टॉयलेटची टाकी, मग बेसिन-अंघोळीच्या पाण्याची, म्हणजे त्या साबणाच्या पाण्यानं पाईप आपोआप धुऊन निघतो. रिकामी झाली की लगेच एक बादली पाणी आत ओतून ठेव, कोरडी टाकी सोडायची नाही.

आता चिकटलंय त्याला, अर्धी टाकी पाणी आणि थोडी कपड्याची पावडर टाकून गाडी गगनबावड्याला फिरवून आण. घाटाच्या वळणांत आतलं पाणी असं डचमळतं की निम्मं काम तिथंच होतंय, तांबडा-पांढरा रस्सा हाणून परत ये आणि रिकामी कर. ॲसिड नको, रबरी सील खराब होतात.

आणि खाली करायची ती ओळखीच्या कुणाच्या सेप्टिक टँकमध्ये, विचारून. नाल्यात अजिबात नाही, शेवटी ते पंचगंगेतच जातं. सेप्टिकमध्ये सोडणार असलास तर फिनेल, ब्लीच असलं पण लई टाकू नको, घाण कुजवणारे जिवाणूच मरतात त्यानं.