नाकावर जाऊ नका, हिरडी बघा

प्रश्न : आमचा मोत्या तीन वर्षांचा कारवानी कुत्रा. दोन दिवस झाले, भाकरीला नुसतं तोंड लावतो आणि कोपऱ्यात पडून राहतो. नाक कोरडं लागतं. मुलाने थर्मामीटर लावला तर १०२ ताप! तापाची गोळी देऊ का? घरी आणखी काय बघता येईल?
— एक वाचक, कळंबा, कोल्हापूर

उत्तर : ताई, अंक हाती पडेपर्यंत थांबण्यासारखं हे नव्हतं, म्हणून तुम्हाला फोनवर सांगितलंच. इथे सगळ्यांसाठी लिहितोय.

माणसाची गोळी अजिबात नको. १०२ हा कुत्र्याचा तापच नव्हे. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं रोजचं तापमान. तेही थर्मामीटरला व्हॅसलिन लावून गुदद्वारात बघितलं तरच खरं. नाक तर झोपून उठल्यावरही कोरडं असतं. मला खटकतंय ते त्याचं न खाणं आणि पडून राहणं.

उजेडात बसवा, वरचा ओठ उचला. हिरडी गुलाबी, ओलसर हवी. बोटाने दाबा, पांढरी होईल. सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. हिरडी मुळातच काळी असेल तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा. सोललेल्या मुळ्यासारखी पांढरी हिरडी घेऊन आलेली कुत्री मी टेबलावर बघितली आहेत, आणि घरचे सांगत असतात, ‘पण डॉक्टर, नाक ओलं होतं हो!’

मग गोचीड शोधा : कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. रक्त पिऊन फुगलेला गोचीड एरंडाच्या बीसारखा दिसतो. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावू नका, चटका देऊ नका. गोचिडातून बबेसिया (रक्तातल्या परजीवीचा आजार) झाला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हिरडी फिकटते, लघवी चहासारखी होते.

आपल्याकडे आणखी एक विचारावंच लागतं. मटणाच्या रश्शात कुस्करलेली भाकरी त्याला घालता का? कांदा-लसणानेही तांबड्या पेशी फुटतात, आणि उकळल्याने तो गुण जात नाही. माया म्हणून घालतात, ठाऊक आहे मला. पण बंद करा.

झोपेत श्वास मोजा, मिनिटाला तीसच्या आत हवा.

खाणं सुटून दोन दिवस झालेत, तेव्हा हिरडी गुलाबी असली तरी डॉक्टरांकडे न्यायचंच. फिकट असेल किंवा लघवी गडद असेल, तर रात्र उलटू देऊ नका, आणि रक्त तपासायला सांगा.