सोसायटीची नोटीस सभासदांच्या स्पॅममध्ये का जाते?

दादरच्या तुमच्या सोसायटीची सभेची नोटीस निम्म्या सभासदांच्या स्पॅममध्ये सापडते, असं तुम्ही विचारलंय. मजकुराच्या आधी पाठवणारा पत्ता तपासा. सोसायटीचं स्वतःचं डोमेन (मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं नाव) असेल, तर त्याच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या इंटरनेटवरच्या नोंदवहीत, एसपीएफ (या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही तपासायची किल्ली) या दोन नोंदी हव्यातच. मेल खरंच तुमच्याकडून आलाय, हे त्यांवरूनच कळतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने यांपैकी किमान एक, जीमेलवर मेल पाठवणाऱ्या सर्वांनाच सक्तीची केली आहे. वेबसाइट करून देणाऱ्याला सांगा, तासाभराचं काम आहे.

मग मजकूर. ‘तातडीचे!!! थकबाकी लगेच भरा’ असा विषय, खाली छोटी केलेली लिंक आणि झिप फाइल, म्हणजे फिल्टरला थेट फसवणुकीचाच मेल वाटणार. त्यात त्याची चूक नाही. ‘वार्षिक सभा, रविवार, सायं. ५, गच्ची’ इतकं साधं लिहा, लिंक पूर्ण द्या.

सभासदांना स्पॅममधला मेल उघडून ‘स्पॅम नाही’ दाबायला आणि पत्ता संपर्कांत जतन करायला सांगा. आजी-आजोबांच्या फोनवर हे सचिवांनी स्वतः करून द्यावं, नुसतं सांगून होत नाही. तोवर लिफ्टजवळच्या फलकावर नोटीस लावत राहा.