काय वाढायचे ते तुम्ही ठरवा, किती खायचे ते मुलाला ठरवू द्या

अमेरिकेत किंवा कॅनडात वाढणाऱ्या चार-सहा वर्षांच्या मुलांच्या पालकांची एक तक्रार वारंवार कानावर येते: घरी पोळीभाजीचा घास घेऊन मुलाच्या मागे फिरावे लागते, शाळेचा डबा अर्धा परत येतो आणि वाढदिवसाच्या पार्टीत मात्र पिझ्झा कोणी न सांगता संपतो. अशा वेळी पिझ्झा घरात आणायचाच नाही, असे ठरवून टाकणे सोपे वाटते. परंतु ज्या पदार्थाला बंदी, त्याच्याकडेच मुलाचे मन अधिक ओढ घेते, आणि शाळेच्या कॅफेटेरियात ताट हातात घेताना तुम्ही त्याच्याजवळ नसता. म्हणून निवड करण्याची सवय घरातच लागली पाहिजे.

अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी यासाठी जबाबदारीची एक वाटणी सांगितली आहे. काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे पालकांनी ठरवावे. वाढलेल्यातले खायचे की नाही आणि किती खायचे, हे मुलाने ठरवावे. ‘एक घास काऊचा, एक घास चिऊचा’ म्हणत भरवण्यात आणि ताट स्वच्छ करायला लावण्यात वाढलेल्या आपल्या पिढीला हे जड जाते, हे मी जाणून आहे. लहान बाळाला भरवण्यात गैर काहीच नाही. मात्र पाच वर्षांच्या मुलापुढे टॅबलेट लावून आपण घास भरवत राहिलो, तर पोट भरल्याची खूण ओळखायला ते शिकणार कधी? अन्न वाया जाऊ नये ही आपली शिकवण जपायची असेल, तर आधी थोडेच वाढावे आणि हवे तर पुन्हा घेऊ द्यावे.

कॅनडाच्या २०१९ च्या आहार मार्गदर्शिकेत अर्धे ताट भाज्या आणि फळांचे असावे, असे सांगितले आहे. डावीकडे कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी-आमटी वाढण्याची आपली पद्धत त्याच्या जवळ जाणारी आहे. फक्त भाताचा ढीग कमी करून या दोन्ही बाजू भरायला हव्यात. भांडी टेबलावर ठेवून मुलाला स्वतःच्या हाताने वाढून घेऊ द्यावे. ‘भाजी हवी का?’ असे विचारले की ‘नको’ हेच उत्तर येते. त्याऐवजी ‘गाजराची कोशिंबीर घेतोस की काकडीची?’ असे विचारावे. नवी चव रुळायला आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा ती समोर यावी लागते, तेव्हा दुसऱ्याच दिवशी ‘याला मेथी आवडत नाही’ असा शिक्का मारू नये.

‘भाजी संपवलीस तर आइस्क्रीम’ हा सौदा मात्र कृपया बंद करावा, कारण त्यातून भाजी ही शिक्षा आणि गोड हे बक्षीस, एवढेच मुलाच्या मनात ठसते. आपल्याकडे श्रीखंड किंवा जिलेबी जेवणासोबतच पानात वाढली जाते. ही रीत फार शहाणपणाची आहे. सणावारी गोडाचा छोटासा वाटा जेवणाबरोबरच द्यावा. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या शिफारशीनुसार दोन वर्षांवरील मुलांना दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सुमारे सहा चमच्यांपेक्षा, कमी साखर (पदार्थात वरून घातलेली) मिळावी. वाचू लागलेल्या मुलाला दुकानात आमरसाचा डबा हातात देऊन घटकांची यादी वाचायला सांगा. जो घटक वजनाने अधिक, तो यादीत आधी येतो, आणि गोड केलेल्या रसात आंब्याखालोखाल बहुधा साखरच असते. मग बिनसाखरेचा डबा त्यालाच शोधू द्यावा.

शाळेच्या डब्याबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. तिकडच्या अनेक शाळांत ॲलर्जीमुळे शेंगदाण्याला बंदी असते आणि आपल्या खिचडीत, कोशिंबिरीत, भाजीत दाण्याचे कूट असतेच. आपला डबा मित्राला का द्यायचा नाही, हे मुलाला कारणासह समजावून सांगावे. कुटाऐवजी तीळ वापरण्याआधीही शाळेला विचारावे, कारण अमेरिकेत २०२३ पासून वेष्टनावर ज्यांचा उल्लेख बंधनकारक आहे अशा प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थांत तिळाचाही समावेश आहे. शाळेची हरकत नसेल, तर सूर्यफुलाच्या बिया भाजून केलेले कूट खिचडीत छान लागते. ते दिसायला दाण्याच्या कुटासारखेच असल्याने डब्यावर तशी चिठ्ठी अवश्य चिकटवावी.