साठवलेल्या विजेचा दर आधी विचारू नका. बॅटरी वर्षातून किती वेळा रिकामी होते ते विचारा

तुमचा प्रश्न असा: सौर वीज अडीच रुपये युनिटने मिळते, बॅटरीही स्वस्त झाली, मग चार दिवसांचा साठा करून कोळसा बंद का करत नाहीत? आणि साठवलेलं युनिट नेमकं कितीला पडतं?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. आपल्याकडे मोठ्या बॅटरीच्या निविदा युनिटच्या दराने निघत नाहीत. दर मेगावॉटला दरमहा भाडं ठरतं. 2022 मध्ये सेकीच्या (केंद्र सरकारची सौरऊर्जा कंपनी) 500 मेगावॉट / 1000 मेगावॉट-तासांच्या निविदेत ते 10.84 लाख रुपये आलं. 2024 संपता संपता राजस्थानच्या निविदेत ते सव्वादोन लाखांच्या आसपास उतरलं. (त्यात केंद्राचं अनुदान आहे, म्हणजे खरी किंमत थोडी वरच धरा.)

आता 2.2 लाख धरून हिशेब करू. दोन तासांची बॅटरी, म्हणजे पूर्ण ताकदीने दोन तास चालणारी: एका मेगावॉटमागे 2,000 युनिट. रोज एकदा भरली आणि रिकामी केली, तर महिन्याला 60,000 युनिट फिरतात. भाडं पडलं युनिटमागे साधारण 3.67 रुपये. भरताना-काढताना पंधरा टक्के वीज वाया जाते असं धरलं, तर अडीच रुपयांची सौर वीज बाहेर येताना 2.94 ला पडते. एकूण सहा रुपये साठ पैसे. विजेच्या बाजारात संध्याकाळचा भाव कधीकधी 10 रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतो, त्यामुळे अशा दिवशी हा सौदा चांगला आहे. 2022 च्या भावाने नुसतं भाडंच युनिटमागे अठरा रुपये व्हायचं, तेव्हा कोणी ढुंकूनही बघत नव्हतं.

तुमची चार दिवसांची कल्पना आता याच गणितात घाला. साठ्याचा पहिला थर रोज संध्याकाळी वापरला जाईल. पण चौथ्या दिवसासाठीचा थर पावसाळ्यातल्या सलग ढगाळ दिवसांतच लागणार, समजा वर्षातून दहा वेळा. त्याचं वर्षाचं भाडं मेगावॉटमागे 26.4 लाख, फिरली फक्त 20,000 युनिट. म्हणजे युनिटमागे 132 रुपये, त्यात विजेची किंमत नाही. दहा मुहूर्तांसाठी मंगल कार्यालय वर्षभर भाड्याने घेण्यासारखं आहे हे. बॅटरी अजून निम्म्याने स्वस्त झाली तरी 66 होतील. त्या दहा वेळांसाठी जुना कोळशाचा वीजसंच राखून ठेवणं कितीतरी स्वस्त पडतं, मग ते आपल्याला आवडो न आवडो. आणि पावसाळ्यात आपल्याकडे सूर्य झाकला जातो तेव्हाच साताऱ्याच्या पठारांवर वारा जोरात असतो. पवनचक्क्या वाढवणं हा पावसाळ्याच्या प्रश्नावरचा बॅटरीपेक्षा चांगला उपाय आहे.

मधल्या पल्ल्याला, म्हणजे सहा-आठ तासांना, पाणी बरं: वीज उरली की पाणी वरच्या धरणात चढवायचं, वीज लागली की तेच खाली सोडायचं. घाटघरचा 250 मेगावॉटचा प्रकल्प 2008 पासून आहे: वरचं धरण अकोले तालुक्यात, खालचं शहापूर तालुक्यात. तो आखला तेव्हा विचार होता की रात्री कोळशाची वीज उरते, तिच्यावर पाणी वर चढवायचं. आता उरते ती दुपारी. यंत्रं तीच, वेळापत्रक मात्र उलटं. अशा प्रकल्पांचं आयुष्य अनेक दशकांचं असतं, पण बांधायलाच वर्षानुवर्षं जातात आणि तोवर बॅटरीचा भाव कुठे गेलेला असेल, हा गुंतवणूकदाराचा खरा घोर असतो.

कोयनेकडे तर पंप न बसवताही बघा. पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा आहे. म्हणून ते पाणी दुपारी सोडणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. दुपार सौरऊर्जेवर काढून कोयना संध्याकाळी चालवली, की तोही साठाच झाला, आणि त्याला भाडं नाही.

साठ्याचा धंदा स्वतःचा नफा स्वतःच खातो, हेही लक्षात घ्या. दक्षिण ऑस्ट्रेलियातली हॉर्न्सडेलची 100 मेगावॉटची बॅटरी 2017 च्या डिसेंबरात सुरू झाली. तिने सुरुवातीला मोठी कमाई केली ती स्वस्तात घेऊन महाग विकण्यातून नव्हे, तर फ्रिक्वेन्सी सांभाळण्याच्या, म्हणजे मागणी-पुरवठा क्षणाक्षणाला जुळवून ग्रीड स्थिर ठेवण्याच्या, सेवेतून. ती बाजारपेठ छोटी. आणखी बॅटऱ्या आल्या की भाव पडतात. दुपार-संध्याकाळच्या भावातल्या फरकाचंही तेच: हजारो बॅटऱ्या दुपारी खरेदीला उतरल्या की दुपार महागते आणि संध्याकाळ स्वस्त होते. आजच्या फरकावर पंचवीस वर्षांचा नफा मांडणाऱ्या कंपनीचे शेअर मी तरी घेणार नाही.

सगळ्यात स्वस्त साठा मात्र आपण करतोय आणि त्याला कोणी साठा म्हणत नाही: शेतीपंप दिवसा चालवणं. 2017 पासूनच्या सौर कृषी वाहिनी योजनेचा मूळ गाभा तोच. रात्री बिबट्याच्या भीतीत दारं धरायला जाण्याचा त्रास वाचतो तो वेगळाच, पण हिशेबाने पाहिलं तर तेवढा भार दुपारी सरकला की तेवढी बॅटरी घ्यावी लागत नाही.

तुमच्या सोसायटीच्या छतावरच्या सोलरला बॅटरी जोडावी का, असंही शेवटी विचारलंय. नेट मीटरिंग असेल तर नको. दुपारचं युनिट महावितरणकडे जमा करून संध्याकाळी परत घेता, म्हणजे साठ्याचं भाडं सध्या दुसरंच कोणीतरी भरतंय. ही सवलत कायम राहील असं धरू नका, पण आहे तोवर टाकीचा पंप आणि गाड्यांचं चार्जिंग दुपारी लावा. लिफ्टपुरता बॅकअप हवा असेल तर तो वीज जाते म्हणून घ्या, पैसे वाचतील म्हणून नको.