हॉर्न गळ्यात असताना

बेटा,

काल फोनवर तुझा आवाज बसलेला होता. अकरा गाणी, त्यातल्या तीनच गाण्यांत सॅक्सोफोन, तोही थोडा थोडा. मग बँडमध्ये माझं काम तरी काय, असं विचारलंस. तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

क्लॅरेन्स क्लेमन्स ऐक. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ई स्ट्रीट बँडमध्ये टेनर सॅक्सोफोन वाजवणारा. नऊ वर्षांचा असताना नाताळात त्याला खेळण्यातली आगगाडी हवी होती, वडिलांनी हातात ऑल्टो सॅक्सोफोन ठेवला. १९७५ च्या ‘बॉर्न टू रन’ अल्बममधलं शेवटचं गाणं लाव, ‘जंगललँड’. साडेनऊ मिनिटांचं आहे. व्हायोलिन, पियानो, गिटार, सगळे येऊन जातात आणि सॅक्सोफोन जवळजवळ चार मिनिटं गप्प. मग तो शिरतो आणि दोन मिनिटांहून जास्त वेळ गाणं एकट्याने पेलतो. पहिलाच सूर बघ किती लांब धरलाय. तेवढ्यासाठी ते दोघं सोळा तास स्टुडिओत होते. स्प्रिंगस्टीन एकेक सूर सांगायचा, हा वाजवायचा, पुन्हा वाजवायचा.

आता तुझं. मागच्या महिन्यात तुझा कार्यक्रम ऐकला. तुझी जागा येईपर्यंत हॉर्न, म्हणजे तुझा सॅक्सोफोन, स्टँडवर, तोंडाजवळची रीडची पट्टी कोरडी, नजर मोबाइलमध्ये. जागा आली आणि पहिलाच सूर फाटला. मग तो झाकायला तू येईल ते सगळं ओतलंस. मला फार वाईट वाटलं, कारण तुझा टोन खरंच सुंदर आहे. हॉर्न गळ्यातच ठेव. रीड ओली ठेव, अधूनमधून आवाज न करता आत फुंकर घाल. गार पडलेल्या हॉर्नचा सूर खाली उतरतो. गायक श्वास कुठे घेतो ते ऐक. सॅक्सोफोन नसेल तेव्हा क्लेमन्सच्या हातात टँबोरिन असायचं, नाहीतर मराकस, म्हणजे खुळखुळे. गाण्यातून तो बाहेर पडायचाच नाही.

२०११ मध्ये तो गेला. पुढच्या वर्षी त्याचा पुतण्या जेक त्या जागी उभा राहिला. तेव्हा ‘टेन्थ अव्हेन्यू फ्रीझ-आउट’ या गाण्यात क्लेमन्सबद्दलची ओळ आली की त्याच्या आठवणीत अख्खा बँड थांबायचा आणि लोक ओरडत राहायचे.

रविवारी सकाळी ये, टेनर घेऊन. ‘जंगललँड’ मी लावतो. ती पहिली चार मिनिटं हॉर्न गळ्यात घालून माझ्यासमोर उभा राहा.

तुझा,
सर