शिक्षणशास्त्रातलं संशोधन आणि सिद्धांत शाळेत खरोखर कामाला येतात का?

तुम्ही विचारलंय, की प्रशिक्षणात पियाजे, व्हायगॉट्स्की, ब्लूम वगैरे अभ्यासकांचे शिकण्याविषयीचे सिद्धांत शिकलो, पण शाळेत रुजू झाल्यावर जुने शिक्षक म्हणतात, 'ते सगळं परीक्षेपुरतं होतं, आता विसरा.' मग शिक्षकाला आणि मुख्याध्यापकाला या संशोधनाचा काही उपयोग असतो का? मी बरीच वर्षं गणित शिकवलं आणि नंतर मुख्याध्यापकाचं काम केलं. उपयोग असतो, आणि मोठा असतो. मात्र उद्याच्या तासाला काय करायचं याचं तयार उत्तर संशोधनाकडून क्वचितच मिळतं. मूल शिकतंय की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. आपल्याला दिसतो तो वर झालेला हात, भरलेली वही, शांत वर्ग. या खुणांवरून आपण जो अंदाज बांधतो तो कुठे हमखास फसतो, हे संशोधनाने नेमकं दाखवून दिलं आहे.

माझ्या विषयातलंच उदाहरण घ्या. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार वेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एका आकृतीची सगळी गणितं संपवून मग पुढची आकृती घेतली. दुसऱ्या गटाला तीच गणितं सरमिसळ करून दिली. सराव चालू असताना पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर होती, दुसऱ्याची ६०. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा पहिला गट २० टक्क्यांवर आला आणि दुसरा ६३ वर राहिला.

हे आकडे माहीत नसलेला शिक्षक त्या दोन गटांसमोर उभा आहे असं समजा. पहिल्या गटाकडे बघून तो समाधानाने बाहेर पडेल आणि दुसऱ्या गटासाठी घटक पुन्हा शिकवायला घेईल. त्यात त्याचा आळस नाही की अज्ञान नाही, समोर दिसतंय तेच तो मानतोय. एकाच प्रकारची दहा गणितं ओळीने सोडवताना कोणतं सूत्र लावायचं हा प्रश्नच मुलाला पडत नाही, ते प्रकरणाच्या नावातच लिहिलेलं असतं. परीक्षेत मात्र नेमका तोच प्रश्न पडतो. हे वाचल्यावर मी गृहपाठात चालू घटकाची मोजकीच गणितं द्यायला लागलो आणि बाकीची मागच्या घटकांतून घेऊ लागलो. अशाने चुका वाढतात, मुलं कुरकुर करतात आणि पालकांना वाटतं की वर्ग मागे पडला. कारण ठाऊक नसेल तर कोणताही शिक्षक दोन आठवड्यांत हा प्रकार सोडून देईल. कारण ठाऊक असलं की तो टिकून राहतो आणि पालकांनाही समजावून सांगू शकतो.

उजळणीचंही तसंच आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते (८१ विरुद्ध ७५ टक्के). आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले (५६ विरुद्ध ४२).

आता सिद्धांताकडे येतो, कारण तुमच्या सहकाऱ्यांचा राग मुख्यतः त्याच्यावर दिसतो. जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात मांडलेला बोधनभाराचा सिद्धांत सांगतो, की माणूस एका वेळी फारच थोड्या नव्या गोष्टी मनात धरू शकतो. म्हणून अगदी नवख्या मुलाला 'तूच शोधून काढ' म्हणून सोडण्यापेक्षा आधी पूर्ण सोडवलेली उदाहरणं नीट अभ्यासायला द्यावीत. हे नुसतं पाककृतीसारखं पाठ केलं तर त्याने नुकसानही होतं. पुढच्या संशोधनात दिसलं की विषय येत असलेल्या मुलांना तीच सोडवलेली उदाहरणं अडथळा ठरतात, त्यांनी स्वतः सोडवणं अधिक फायद्याचं असतं. 'उदाहरणं दाखवा' एवढंच ऐकलेला शिक्षक सगळ्या वर्गाला वर्षभर तेच दाखवत बसेल. त्यामागचं कारण समजलेला शिक्षक मदत केव्हा काढून घ्यायची तेही ओळखतो. वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये आधार देत देत तो हळूहळू काढून घेण्याची जी कल्पना मांडली, तिचाही गाभा हाच आहे. सिद्धांत उपयोगी पडतो तो इथे. परिस्थिती बदलली तर पद्धतीतलं काय राखायचं आणि काय सोडायचं हे त्याच्यावाचून ठरवता येत नाही.

वह्या तपासण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण शिक्षकांचे सर्वाधिक तास तिथे जातात. क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरच्या शेकडो निष्कर्षांचं एकत्र विश्लेषण केलं. सरासरी परिणाम चांगलाच होता, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्राय दिल्याने कामगिरी खालावली होती. लक्ष कामावरून 'मी कसा आहे' याकडे वळलं की असं होतं, हा त्यांनी काढलेला अर्थ. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात काहींना फक्त गुण, काहींना फक्त शेरा आणि काहींना दोन्ही दिले. फायदा झाला तो फक्त शेरा मिळालेल्यांना. गुण सोबत आले की शेऱ्याचं मोल जवळजवळ संपलं. वह्या वाटल्यावर मुलं आधी काय बघतात आणि मग शेजाऱ्याच्या वहीत काय बघतात, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेलं असतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की शेरा आधी द्यावा, त्यावर मुलाने त्याच तासाला काहीतरी सुधारून लिहावं आणि गुण नंतर सांगावेत.

मुख्याध्यापकाचं काम इथूनच सुरू होतं. प्रत्येक पानावर लाल शाईची सही आहे का एवढंच पर्यवेक्षक तपासत असेल, तर शिक्षक सह्याच करत बसणार. मुख्याध्यापकाला मुलांचं शिकणं शिक्षकापेक्षाही कमी दिसतं, म्हणून तो खुणांवर अधिक विसंबतो. पाठ निरीक्षणात वर्ग शांत होता, टाचण पूर्ण होतं, फळा नीटनेटका होता अशा नोंदी होतात. मी त्याऐवजी दोन-तीन मुलांशेजारी बसून 'तू आत्ता काय करतोयस आणि ते असंच का?' असं विचारायला लागलो. मेरी बड रो यांचं निरीक्षणही वापरलं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात आणि हा वेळ तीन सेकंदांपुढे नेला की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, गप्प मुलंही बोलू लागतात. शिक्षकाला न दुखावता बोलायला हा फार चांगला मुद्दा आहे. त्यात कुणाच्या योग्यतेचा प्रश्न नसतो, फक्त सेकंद मोजायचे असतात.

व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शालेय नेतृत्वावरचे अभ्यास एकत्र तपासले. शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणारे आणि त्यात स्वतः सहभागी होणारे मुख्याध्यापक जिथे होते, तिथे मुलांच्या यशाशी सर्वांत मजबूत संबंध दिसला. त्यातले अभ्यास मोजके होते आणि संबंध म्हणजे कारण नव्हे, हे ध्यानात ठेवावं. तरी माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. विषयशिक्षकांच्या बैठकीत मी मुलांच्या उत्तरपत्रिका घेऊन बसायचो आणि एकाच चुकीवर सगळे मिळून बोलायचो. बाहेरच्या व्याख्यानांपेक्षा त्या तासाभरातून शिकवण्यात जास्त बदल झाला.

संशोधन शाळेत आणताना त्याच्या अटीही सोबत आणाव्या लागतात. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून झालेल्या स्टार प्रयोगात २२ ते २५ मुलांच्या वर्गांपेक्षा १३ ते १७ मुलांच्या वर्गांत लहान मुलं चांगली शिकली. गरीब मुलांना फायदा विशेष झाला. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने सुरुवातीच्या इयत्तांचे वर्ग राज्यभर एकदम लहान केले, पण वीसच्या आसपासच. त्यासाठी हजारो नवे शिक्षक लागले, पुरेसं प्रशिक्षण न झालेले अनेक जण वर्गावर उभे करावे लागले आणि टेनेसीसारखं स्पष्ट फळ दिसलं नाही. निष्कर्ष खोटा नव्हता, पण तो ज्या परिस्थितीत खरा ठरला ती सोबत नेलीच नव्हती.

संशोधनाच्या नावाखाली जे विकलं जातं ते अडवणंही मुख्याध्यापकाचंच काम. अमुक मूल बघून शिकतं, तमुक ऐकून, म्हणून त्याला तसंच शिकवा, हे अजून प्रशिक्षणांत सांगतात. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याचा आढावा घेतला तेव्हा त्याला पुरेसा आधार सापडला नव्हता. शिक्षकांची दुपार अशा गोष्टीत घालवण्याआधी विचारावं: कुणाशी तुलना केली, काय मोजलं आणि शिकवल्यावर किती दिवसांनी मोजलं?

तुमचे जुने सहकारी चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही. कोणतं मूल कशाने घाबरतं आणि कुठे अडतं हे त्यांना ठाऊक असतं, आणि ते कुठल्याही शोधनिबंधात मिळणार नाही. त्यांच्याशी पियाजेवर वाद घालू नका. त्यापेक्षा एखाद्या सहकाऱ्याला सोबत घ्या आणि दोघांनी मिळून एक छोटी चाचणी करा. जो घटक वर्गाला पक्का आला असं दोघांनाही वाटतंय, त्यावर तीन आठवड्यांनी न सांगता पाच प्रश्न विचारा. गुण द्यायचे नाहीत. उत्तरं दोघांनी शेजारी बसून वाचा, आणि पुढच्या घटकाला उजळणी कशी घ्यायची ते त्या उत्तरांवरून ठरवा.